होडी उलटून वाचलेल्या माणसाकडे पुढे किती दिवस आणि काय बघायचं?

खाडीपट्टा_सीएचओ

नमस्कार. रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. हद्दीत वल्ह्याच्या होड्या आहेत, ट्रॉलरवर जाणारे खलाशी आहेत, तरीतून रोज पलीकडे जाणारी शाळेची पोरं आहेत. खाडीचं मुख गाळाने उथळ झालंय. ओहोटीच्या वेळी लाट तिथेच फुटते आणि होडी आडवी होते.

बुडता बुडता वाचलेला माणूस एक-दोन रात्री रुग्णालयात काढून घरी येतो, तेव्हा कार्डावर ‘प्रकृती स्थिर, आठवड्याने दाखवणे’ एवढंच असतं. पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं याची प्रशिक्षणं पुष्कळ झाली. घरी आल्यावर पुढच्या सहा महिन्यांत काय बघायचं, हे कुणी सांगत नाही.

विचारायचं ते असं. दम लागतो म्हणतात, तो छातीचा की भीतीचा, हे उपकेंद्रात कसं ओळखायचं? किती दिवसांनी आलेला ताप बुडण्याशी जोडायचा? बेशुद्ध झालेल्याच्या डोक्यावर परिणाम झालाय का, हे आशाताईंना घरी जाऊन कळेल असं काही आहे का? आणि १ ऑगस्टला पावसाळी मासेमारीची बंदी उठली की खलाशी विचारतात, ‘जाऊ का?’ त्यांना काय सांगायचं? हाताशी ऑक्सिमीटर, बीपीचं यंत्र, ग्लुकोमीटर आणि नेब्युलायझर आहे. एक्स-रे ग्रामीण रुग्णालयात होतो.

शिवाय ‘कोरडं बुडणं’ नावाचा एक व्हॉट्सअॅप फॉरवर्ड फिरतोय. पाण्यातून बाहेर आलेलं मूल चार दिवसांनी झोपेत दगावतं म्हणे. आयांची झोप उडालीय.

छाती_विभाग

ताई, आधी तो फॉरवर्ड निकालात काढू. पाणी फुप्फुसात गेलं असेल तर त्रास तिथूनच सुरू होतो आणि पहिल्या सहा ते आठ तासांत वाढतो. म्हणून तेवढा वेळ निरीक्षणाखाली ठेवतात. आठ तासांनंतर खोकला नाही, श्वासाची गती बरोबर, ऑक्सिजन ९५ च्या वर आणि मूल नेहमीसारखं खेळतंय, तर चौथ्या दिवशी अचानक काही होत नाही. चौथ्या दिवशी आजारी पडलंच तर तो न्यूमोनिया असतो आणि तो ताप-खोकला घेऊन येतो, चोरपावलांनी नाही.

आता फुप्फुसाचं. लोकांना वाटतं छातीत घागरभर पाणी शिरतं. प्रत्यक्षात बहुतेकांच्या फुप्फुसात किलोमागे ४ मिलीपेक्षा कमी जातं, म्हणजे ६० किलोच्या माणसात पाव लिटरसुद्धा नाही. पण तेवढ्याने हवेच्या पिशव्या उघड्या ठेवणारा सर्फॅक्टंटचा थर धुऊन जातो, पिशव्या मिटतात, आतल्या केशवाहिन्यांतून द्रव पाझरतो आणि रक्ताला ऑक्सिजन मिळेनासा होतो. खारं पाणी की गोडं, याने उपचारात फरक पडत नाही. पाणी गढूळ होतं का आणि त्यात डिझेल होतं का, याने पडतो.

पुढे काय होणार हे पहिल्या दोन दिवसांत काय लागलं यावरून बरंचसं कळतं. शुद्ध हरपली नाही आणि नाकातल्या नुसत्या नळीच्या ऑक्सिजनवर भागलं, अशांची फुप्फुसं बहुधा दोन-तीन आठवड्यांत पूर्ववत होतात. उरतो तो श्वासनलिकांचा चिडका स्वभाव. धूर, धूळ, पहाटेची गार हवा लागली की खोकल्याची उबळ, रात्री शिट्टी वाजणं. हे काही आठवडे ते काही महिने चालू शकतं, आणि आधीपासून दमा असणाऱ्यात जास्त. त्यावर सॅल्ब्युटामॉल आणि गरज पडल्यास काही काळ स्टेरॉइडचा पंप. स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून फुप्फुसाची ताकद मोजणं, लगेच करू नका, बरगड्या दुखत असताना कुणी नीट फुंकत नाही. सहा ते आठ आठवड्यांनी करा, पंपाच्या आधी आणि नंतर. पंपानंतर एफईव्ही१ (पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा) १२ टक्के आणि २०० मिली वाढला, तर नलिका अजून आवळलेल्या आहेत. सगळ्यांचा सरसकट सीटी काढणं मात्र पैशाचा नाश आहे. एक्स-रे सहाव्या आठवड्याला पुन्हा काढा आणि तो स्वच्छ असेल तर तिथेच थांबा.

व्हेंटिलेटरवर राहून आलेला माणूस वेगळा. त्याची फुंकण्याची ताकद सहा ते बारा महिन्यांत बहुधा सुधारते, पण वायूची देवाणघेवाण कमी राहू शकते, आणि त्याहून जास्त त्रास देते ती मांड्या-खांद्यांची अशक्तता. त्याला तीन, सहा आणि बारा महिन्यांनी बोलवा. एक गोष्ट हमखास निसटते. व्हेंटिलेटरसाठी श्वासनलिकेत नळी घातलेल्या माणसाला तीन ते सहा आठवड्यांनी श्वास आत घेताना घरघर यायला लागली, आवाज बसला, आणि दम्याच्या पंपाने काहीच फरक पडत नसेल, तर ती श्वासनलिका नळीच्या जागी आकसली आहे. तो दमा नव्हे. त्याच आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवा.

दम छातीचा की भीतीचा: हात नसलेली साधी खुर्ची घ्या, भिंतीला टेकवा. बोट कोरडं आणि गरम असू दे, नखाला मेंदी-पॉलिश नको. पाच मिनिटं बसवून आकडा लिहा. मग हात छातीवर घडी करून एक मिनिट उठ-बस करायला लावा, जमेल त्या गतीने. ऑक्सिमीटर बोटातून काढायचा नाही, कारण सर्वात खालचा आकडा बऱ्याचदा थांबल्यानंतरच्या अर्ध्या मिनिटात येतो. ४ किंवा जास्त अंकांनी उतरला, किंवा ९० च्या खाली गेला, तर फुप्फुसाचा दम, एक्स-रेला पाठवा. आकडा ९८ वरच आहे पण ओठ-बोटांना मुंग्या येतात, सुस्कारे टाकतो, बसल्या जागी अचानक दम लागतो आणि जिना मात्र चढतो, तर तो बहुतेक भीतीचा. दोन्ही एकत्र असणारेही निघतात, हे विसरू नका.

डिझेलचं स्वतंत्र सांगतो. होडी उलटली की टाकीतलं इंधन पाण्यावर पसरतं आणि माणूस वर येऊन पहिला श्वास नेमका त्याच थरातून घेतो. त्याने रासायनिक न्यूमोनिया होतो: पहिल्या दिवसातच ताप, छातीत जळजळ, ढेकरेला डिझेलचा वास. उलटी करवायची नाही. एक्स-रेवरचे डाग कित्येक आठवडे रेंगाळतात आणि त्यावर टीबीचा शिक्का बसण्याची भीती असते.

ताप_आणि_जंतू

वरच्या शेवटच्या वाक्यापासूनच पुढे जातो. घरी आलेल्या माणसाचं नुकसान जास्त होतं ते एका साध्या कारणाने. दोन आठवड्यांनी ताप येतो, तो दुसऱ्याच डॉक्टरकडे जातो आणि बुडाल्याचं सांगतच नाही. त्याच्या लेखी ते प्रकरण संपलेलं असतं. म्हणून कार्डाच्या मागे पेनने पाच गोष्टी लिहून द्या: तारीख, समुद्र, खाडी की गोडं पाणी, शुद्ध हरपली होती का आणि किती वेळ, तोंडाने श्वास किंवा छाती दाबणं झालं का, पाण्यात चिखल किंवा डिझेल होतं का. मधुमेह, यकृताचा आजार, रोजची दारू असेल तर तेही. ‘कुठेही दाखवलंत तर आधी ही बाजू दाखवा’ असं बजावा.

आता दिवसांचा हिशेब. पहिल्या दोन दिवसांत जखम भराभर सुजली, जांभळी पडली, फोड आले, वेदना दिसण्याच्या मानाने फारच जास्त, तर व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा जंतू. खडकाला खरचटून किंवा कालवांच्या धारेने कापलेल्या पायात हा कोमट मचूळ पाण्यातून शिरतो. यकृत खराब असलेल्याला काही तासांत गाठतो. उपकेंद्रात ड्रेसिंग करत बसू नका, १०८ बोलवा. धनुर्वाताचं इंजेक्शन मात्र कापलेल्या प्रत्येकाचं तपासा.

दोन दिवस ते दोन आठवडे: नेहमीचा न्यूमोनिया. इथे एक सवय मोडायला हवी. बुडून आलेल्या प्रत्येकाला ‘खबरदारी म्हणून’ अँटिबायोटिक देण्याने फायदा होत नाही, उलट पुढे चिवट जंतू उगवतात. पहिल्या दिवशीचा ताप आणि वाढलेल्या पांढऱ्या पेशी नुसत्या पाण्याच्या माऱ्यानेही येतात. ताप टिकला, थुंकी बदलली, ऑक्सिजन उतरला, तेव्हा थुंकी कल्चरला पाठवून सुरू करायचं.

पाच ते चौदा दिवस, कधी महिन्यापर्यंत: लेप्टो. कोकणात हे वेगळं सांगायला नको. पोटऱ्या दुखणं, डोळे लाल, लघवी कमी. खाऱ्या पाण्यात लेप्टोचा जंतू फार टिकत नाही, पण पावसाळ्यात खाडीचं वरचं पाणी जवळजवळ गोडंच असतं आणि शेतातून वाहून आलेलं असतं. रक्ताची आयजीएम तपासणी पहिले चार-पाच दिवस निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून संशय असेल तर रिपोर्टची वाट न बघता डॉक्सीसायक्लिन सुरू करावं. डॉक्टरांशी बोलून घ्या.

आणि ज्याच्याकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं तो मेलिऑइडोसिस. जंतू मातीत आणि गढूळ गोड्या पाण्यात असतो, पाऊस पडला की वर येतो. खाली उडुपी-मंगळूरच्या किनारपट्टीवर तो चांगलाच माहीत आहे. आपली लाल माती आणि पाऊस काही वेगळा नाही. साधारण एक ते तीन आठवड्यांत ताप येतो, पण काही महिन्यांनीही उगवू शकतो. मधुमेहींना सर्वात जास्त. फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग, वजन उतरतं, थुंकीत टीबी सापडत नाही, तरी टीबीच्या गोळ्या सुरू होतात आणि माणूस खंगत जातो. लॅबला ‘बर्खोल्डेरियाचा संशय’ (हेच या जंतूचं नाव) असं फॉर्मवर लिहावं लागतं, नाहीतर तो स्युडोमोनास किंवा भेसळ म्हणून सोडून दिला जातो. नेहमीचं सेफ्ट्रायॅक्सोन इथे अपुरं पडतं. सेफ्टॅझिडीम किंवा मेरोपेनेम शिरेतून किमान दोन आठवडे आणि मग तीन महिने कोट्रायमोक्सॅझोलच्या गोळ्या लागतात. गोळ्या अर्धवट सोडल्या तर परत उलटतो.

शेवटचा दुर्मिळ आहे, पण लक्षात असू द्या. साचलेल्या घाण पाण्यात बुडालेल्याला काही आठवडे ते चार महिन्यांनी डोकेदुखी, उलट्या, झटका किंवा एका बाजूला अशक्तपणा आला, तर मेंदूत बुरशीचा गळू असू शकतो. स्केडोस्पोरियम तिचं नाव. नेहमीचं अँफोटेरिसिन तिच्यावर चालत नाही, व्होरिकोनॅझोल लागतं. म्हणून कार्डाची ती मागची बाजू.

खाडीपट्टा_सीएचओ

फारच उपयोगी. कार्डाचा शिक्काच बनवून घेते. जंतूवाले सर, मधुमेह माहीत नसेल तर? आमच्याकडे निम्म्यांना माहीतच नसतं.

ताप_आणि_जंतू

मग तुमच्या ग्लुकोमीटरवर पहिल्याच भेटीत बघा आणि महिन्याने पुन्हा. अपघातानंतरचे पहिले काही दिवस ताणाने साखर चढलेली असते, त्यावरून मधुमेही ठरवू नका. एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर, झालं तर उत्तम.

मेंदू_पुनर्वसन

डोक्याचं मी लिहिते. शुद्ध कधीच हरपली नसेल तर मेंदूला कायमची इजा झालेली असण्याची शक्यता नगण्य. अशा माणसाला विसरायला होतंय, तर झोप, भीती, दारू आणि झोपेच्या गोळ्या आधी तपासा. एमआरआयच्या मागे लागू नका.

शुद्ध हरपली असेल तर पाण्याखाली किती वेळ, हा एकच आकडा बाकी सगळ्यापेक्षा जास्त बोलतो. पाच मिनिटांच्या आत बाहेर काढलेले बहुतेक चांगले सावरतात, दहाच्या पुढे शक्यता झपाट्याने घटते, पंचवीसच्या पुढे आशा फारच थोडी. बर्फाच्या पाण्यात अर्ध्या तासाने वाचलेल्या मुलांच्या बातम्या येतात, त्या आपल्या कामाच्या नाहीत. कोकणचा समुद्र २५ ते ३० अंशांचा, तो मेंदूला थंड करून वाचवत नाही. वेळ सांगताना माणसं हमखास चुकतात. काठावरच्या तिघांना वेगवेगळं विचारा आणि फोन कधी केला ते मोबाइलवर बघा.

ऑक्सिजन तुटला की मेंदूचे काही भाग आधी मरतात: नवी आठवण साठवणारा हिपोकॅम्पस, हालचाल सुरळीत ठेवणारे खोलवरचे गाभे, तोल सांभाळणारा लहान मेंदू. म्हणून दिसतं ते असं, की माणूस बोलतो-चालतो, नातेवाईक ओळखतो, गेल्या वर्षीची गोष्ट सांगतो, पण सकाळी काय जेवला ते सांगता येत नाही. घरचे म्हणतात ‘आळशी झालाय’, ‘लक्ष देत नाही’.

आशाताईंसाठी: पहिल्या, सहाव्या आणि बाराव्या आठवड्याला घरी जाऊन चार गोष्टी करायच्या. तीन शब्द सांगायचे (समजा, नारळ, होडी, देऊळ), पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोलून परत विचारायचे. शनिवारपासून उलटे वार म्हणायला लावायचे. भरलेला पाण्याचा पेला उचलून ओठाला लावायला सांगायचा. सरळ रेषेत टाच-चवडा जोडून दहा पावलं चालवायचं. आणि बायकोला किंवा आईला बाजूला घेऊन विचारायचं: पैशाचा हिशेब पूर्वीसारखा करतो का, चिडतो का, एकाच गोष्टीत अडकतो का? खलाशाला त्याच्या कामातलं विचारा, ते नुसत्या शब्दांपेक्षा खरं उतरतं. जाळं ओढायचा क्रम, इंजिन सुरू करण्याआधी काय काय बघायचं, हे आधी बिनचूक सांगणारा आता मधली पायरी गाळतो का?

पेल्याची परीक्षा नुसती थरथर बघायला नाही. हात स्थिर असताना ठीक, पण एखाद्या वस्तूकडे न्यायला लागला की झटके बसतात आणि पाणी उडतं, पाय टेकवताना गुडघा अचानक सुटतो, तर तो ऑक्सिजन तुटल्यानंतरचा मायोक्लोनस असतो, लान्स-अॅडम्स म्हणतात. घाबरून हात कापतोय असं समजून सोडून देतात. लेव्हेटिरॅसिटाम, व्हॅल्प्रोएट किंवा क्लोनाझेपामने यातले बरेच जण पेला धरू शकतात, म्हणून न्यूरॉलॉजिस्टला दाखवणं फुकट जात नाही. सिंधुदुर्गातली माणसं त्यासाठी गोव्याचं बांबोळी रुग्णालय नाहीतर कोल्हापूर गाठतात, एका फेरीत दाखवणं आणि एमआरआय दोन्ही होईल असं बघा.

आणखी एक फसवा प्रकार. बेशुद्धीतून उठला, घरी आला, छान होता, आणि एक ते चार आठवड्यांनी मंद झाला, बोलेना, कपड्यात लघवी व्हायला लागली, पाय घासत चालू लागला. मेंदूच्या पांढऱ्या भागावर उशिरा होणारी इजा असू शकते. क्वचितच होतं, पण त्याला ‘मनावर घेतलंय’ म्हणून देवऋषाकडे नेण्याआधी एमआरआय व्हावा. यातले काही जण महिन्यांत सुधारतातही.

सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वात जास्त, वर्षापर्यंत थोडी थोडी चालू राहते. व्यायाम, बोलण्याचा सराव आणि घरात ठरलेली जागा-ठरलेली वेळ या गोष्टी लगेच सुरू करायच्या, ‘बरा झाल्यावर’ नाही. लहान मुलाचं मात्र वर्षभराने संपत नाही. तीन वर्षांच्या मुलाला झालेली इजा कधी कधी पाचवीत गणित अवघड झाल्यावर दिसते. शाळेला एक चिठ्ठी देऊन ठेवा.

छाती_विभाग

ताईंच्या मुद्द्याला जोडून: बेशुद्ध झालेल्यांचं क्रिएटिनिन दोन दिवसांनी आणि आठवड्याने बघा. ऑक्सिजन तुटल्याचा आणि तासन्‌तास पोहून दमलेल्या स्नायूंचा मार मूत्रपिंडावर बसतो. बहुतेक वेळा आपोआप ओसरतो, पण त्या काळात दुखण्यावर डायक्लोफेनॅकची सुई नको. पॅरासिटॅमॉल पुरे.

ईसीजी_वाचक

एक मुद्दा राहतोय. पट्टीचा पोहणारा, दारू नाही, लाट नाही, मार नाही, तरी अचानक बुडाला. असा माणूस वाचला तर बुडणं हा परिणाम असतो आणि कारण हृदयात किंवा फिट्समध्ये शोधायचं असतं. पोहताना हृदयाचा ठोका बिघडवणारे काही जन्मजात आजार आहेत. अशा माणसाचा ईसीजी काढा, त्यातलं क्यूटीसी हे अंतर ४६० मिलिसेकंदांच्या वर असेल तर पुन्हा काढा. ईसीजी साधा आला तरी ट्रेडमिल करून घ्या, कारण एक प्रकार विश्रांतीत दिसतच नाही. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं का, कुणी पोहताना किंवा रागाच्या भरात कोसळलं का, विचारा. उत्तर ‘हो’ असेल तर भावंडांचाही ईसीजी. क्यूटी लांबवणारी औषधं, म्हणजे अझिथ्रोमायसिन, ऑन्डान्सेट्रॉन, अशा माणसाला देऊ नयेत.

किनारा_समुपदेशन

भीतीबद्दल. पहिला महिना दचकणं, झोप न येणं, लाटेच्या आवाजाने छाती धडधडणं हे अपेक्षित आहे. बहुतेकांचं आपोआप ओसरतं. या काळात माणसाला बसवून ‘काय काय झालं, सगळं सांग’ असं वदवून घेऊ नका. एका बैठकीत सगळं ओकायला लावण्याने फायदा होत नाही, काहींचं बिघडतं. बोलायचं असेल तर ऐका. झोप, जेवण, सोबत, घरातलं रोजचं काम, इतकंच.

महिना उलटूनही तेच प्रसंग डोळ्यांसमोर येतात, किनाऱ्याकडची वाट टाळतो, डिझेलच्या वासाने घाम फुटतो, माणसांपासून तुटल्यासारखा वागतो, तर ते आघातानंतरचं दुखणं. त्यावर उपचार आहे: आघात-केंद्री समुपदेशन, साधारण आठ ते बारा बैठका. गरज पडल्यास सर्ट्रालिन. अल्प्राझोलाम-डायझेपाम मात्र टाळा, त्याने रात्र जाते पण दुखणं लांबतं. तीच गोष्ट झोपेसाठी घेतलेल्या दारूची, आणि ही किनाऱ्यावर जास्त दिसते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं, फुकट आहे. सोबतचा माणूस गेला आणि आपण वाचलो, अशी बोच असेल तर जीव देण्याचे विचार येतात का, हे सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने विचार येत नाहीत.

पाण्याची भीती घालवायची शिडी पायरीपायरीने: कोरड्या वाळूवर बसणं, मग घोट्याइतकं पाणी, गुडघ्याइतकं, धक्क्याला बांधलेल्या होडीत बसणं, इंजिन बंद, मग इंजिन चालू, मग भरतीच्या शांत वेळी खाडीत एक फेरी, आणि सर्वात शेवटी मुखाबाहेर. प्रत्येक पायरीवर भीती दहापैकी किती ते विचारा. ती निम्मी होईपर्यंत तिथेच थांबायचं, बऱ्याचदा अर्धा-पाऊण तास लागतो. सगळीकडे हेच बिघडतं: भीती शिगेला असताना माणूस पळतो, घरचेही ‘राहू दे’ म्हणतात, आणि मेंदू शिकतो की पळालो म्हणून वाचलो. दुसरी चूक उलटी, मित्रांनी धरून पाण्यात टाकणं. गाऱ्हाणं घालणं, समुद्राला नारळ देणं याला आडवे येऊ नका, घरच्यांना आधार मिळतो आणि शिडीतली एक पायरी तिथेच होऊन जाते.

मुलांत भीती वेगळी दिसते. अंथरुण ओलं करणं, आईला चिकटणं, आंघोळीला रडणं, खेळात तीच होडी पुन्हा पुन्हा बुडवणं. तो खेळ थांबवू नका, पण शेवटी कुणीतरी वाचवायला येतं असं हळूच घाला. आंघोळ तांब्याने, डोक्यावरून एकदम पाणी नको.

बंदर_सुरक्षा

‘जाऊ का?’ याचं उत्तर. बंदीचे दोन महिने, १ जून ते ३१ जुलै, हे चाचणीसाठी आयते मिळतात. किनाऱ्यावर जमलं नाही ते पाण्यात जमणार नाही. दोन मजले न थांबता चढून ऑक्सिजन ९४ च्या खाली जाऊ नये. छाती दाबताना बरगड्या मोडल्या असतील तर सहा आठवडे दोर ओढणं नाही, छातीचं मधलं हाड असेल तर तीन महिने. कानाचा पडदा फाटला असेल तर तो भरेपर्यंत डुबकी नाही. फिट आली असेल, किंवा वर सांगितलेले हाताचे झटके असतील, तर होडीवर एकट्याने नाही, विंचजवळ नाही, सुकाणूवर नाही, जोवर न्यूरॉलॉजिस्ट लेखी देत नाही. तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, हे स्पष्ट सांगा. खलाशी लपवतो, कारण हिस्सा बुडतो.

पहिल्या काही फेऱ्या सकाळी जाऊन संध्याकाळी परतीच्या, आठवड्याच्या नव्हे. इंजिनखोलीत आणि माशांच्या खणात त्याला उतरवू नका. कुजलेल्या माशांच्या खणात हायड्रोजन सल्फाइड साचतो आणि ऑक्सिजन कमी असतो, धडधाकट माणूस तिथे कोसळतो, मग चिडक्या फुप्फुसाचं काय. खण उघडून हवा खेळू द्यावी आणि वर एक माणूस दोर धरून उभा असावा, हे सगळ्यांसाठीच. जॅकेट अंगात, बाकाखाली नव्हे, पट्टे आवळून: खांद्याला धरून वर ओढलं तर हनुवटीपर्यंत सरकता कामा नये. तटरक्षक दलाचा १५५४ तांडेलाच्या फोनमध्ये असावा.

मालवण-तारकर्लीला स्कूबा करणारी पोरं विचारतील. फुप्फुसात व्रण किंवा हवा अडकून राहणारी जागा उरली असेल तर वर येताना ती फाटते. स्पायरोमेट्री आणि छातीचा सीटी साधा असल्याशिवाय डुबकी नाही. इथे सीटीचे पैसे वाया जात नाहीत.

खाडीपट्टा_सीएचओ

दोन जणांना हात कापण्याचा त्रास आहे, त्यांचा पेला उद्याच बघते. एक शेवटचं. कामावर जाता येत नाही अशांना काही मदत?

बंदर_सुरक्षा

मत्स्य संपदा योजनेतला गट अपघात विमा बघा. मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ५ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला अडीच लाख, रुग्णालयाच्या खर्चाला २५ हजारांपर्यंत. अडतं ते कागदावर. अपघाताची नोंद पोलिसांत आणि मत्स्य विभागाच्या परवाना अधिकाऱ्याकडे वेळेत झालेली नसते, आणि रुग्णालयाच्या कार्डावर ‘श्वासाचा त्रास’ लिहिलेलं असतं, ‘होडी उलटून पाण्यात बुडाल्यामुळे’ असं नसतं. घरी सोडतानाच ते वाक्य लिहून घ्या, नंतर बदलून मिळत नाही. सोसायटीच्या सचिवाकडे खलाशाचं नाव विम्याच्या यादीत आहे का, ते आजच विचारून ठेवा.